माहिती तंत्रज्ञानाची पदवी : वाट गावातूनच सुरू होते

दहावीचा निकाल जाहीर झाला की खेडोपाडी घरोघर एकच विचारविनिमय सुरू होतो : मुलाने अथवा मुलीने पुढे काय शिकावे? गेल्या तीन दशकांत या प्रश्नाच्या उत्तरांत ‘संगणकाचे शिक्षण’ हे उत्तर अग्रस्थानी येऊन बसले आहे. पुण्याजवळच्या हिंजवडीत किंवा नवी मुंबईच्या ऐरोलीत नोकरीस लागलेला गावातील एखादा तरुण दिवाळीला घरी येतो आणि त्याचे उदाहरण साऱ्या आळीपुढे ठेवले जाते. मात्र तो कोणत्या वाटेने तेथवर पोहोचला, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. परिणामी अनेक कुटुंबांत हा मोलाचा निर्णय ऐकीव माहितीवर घेतला जातो.

या वाटेवर काही दारे अशी आहेत की, ती विद्यार्थ्याच्या वयाला अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच बंद होतात. अकरावीत गणित सोडले तर एक दार बंद होते. जातीचा दाखला व त्याची वैधता वेळेत मिळाली नाही तर दुसरे बंद होते. प्रवेश नियत प्रक्रियेतून न घेता परस्पर घेतला तर शुल्क-सवलतीचे तिसरे दार बंद होते. ही तिन्ही दारे महानगरातील कंपन्यांत नसून गावातील शाळेत, तहसील कचेरीत आणि ग्रामपंचायतीच्या चावडीवर आहेत. म्हणूनच शिक्षक, महसूल कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे ठरते.

दप्तर आणि संगणक

माहिती तंत्रज्ञान म्हणजे केवळ संगणक चालविणे नव्हे. माहिती गोळा करणे, ती नेटकी साठविणे, तिच्यातून हवी ती नोंद तत्काळ काढणे, ती सुरक्षितपणे दुसरीकडे पोहोचविणे आणि या सर्व कामांसाठी संगणकास अचूक आज्ञा लिहून देणे, हे या शास्त्राचे स्वरूप होय.

याचे उत्तम उदाहरण गावाच्या महसुली दप्तरात सापडते. गाव नमुना सात जमिनीच्या हक्काची नोंद देतो, नमुना बारा पिकांची. आठ-अ मध्ये खातेदाराच्या नावे असलेल्या सर्व जमिनी एकत्र दिसतात, तर नमुना सहामध्ये फेरफार नोंदविले जातात. भूमापन क्रमांक, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक या तीन धाग्यांनी हे नमुने एकमेकांशी बांधलेले असतात. तक्त्यांची अशीच परस्परसंबद्ध मांडणी संगणकात कशी करावी, याचा सिद्धांत एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडला. आज बँका, रेल्वे आणि शासकीय कार्यालये यांचा बहुतेक माहितीसाठा त्याच तत्त्वावर उभा आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, त्यामागेही हीच रचना आहे.

आता समजा, एका खातेदाराच्या निधनानंतर वारसांची नोंद घ्यावयाची आहे. सर्व वारसांच्या हिश्श्यांची बेरीज एक भरली पाहिजे. नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपल्याखेरीज नोंद प्रमाणित होता कामा नये. हरकत आली तर नोंद वेगळ्या मार्गाने गेली पाहिजे. ‘असे असेल तर असे करावे, नसेल तर तसे करावे’ या क्रमाने ही रीत कागदावर लिहून काढणे म्हणजेच आज्ञावलीचा आराखडा तयार करणे होय. संगणकाची भाषा त्यानंतर येते. जो विद्यार्थी अपूर्णांकांची बेरीज जाणतो आणि अटींचा क्रम चुकू देत नाही, त्याने या विद्येचा पाया घातला असे समजावे.

देशातील वाटचाल

या क्षेत्राचा भारतातील इतिहास महाराष्ट्राशी निगडित आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना १९६८ साली मुंबईत झाली, तर १९८१ साली पुण्यात सात अभियंत्यांनी अवघ्या १०,००० रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस ही कंपनी सुरू केली. १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ या संस्थेची स्थापना झाली व तिने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस जगभरातील जुन्या आज्ञावलींत एक उणीव उघडी पडली. जागा वाचविण्यासाठी त्यांत सालाचे केवळ शेवटचे दोन अंक लिहिलेले होते. त्यामुळे २००० साल उजाडताच ते १९०० समजले जाण्याचा धोका होता. असंख्य आज्ञावली तपासून दुरुस्त करण्याचे हे काम मोठ्या प्रमाणावर भारतीय कंपन्यांकडे आले. त्या कामाने परदेशी ग्राहकांचा विश्वास संपादन झाला आणि पुढील दोन दशकांत हजारो पदवीधरांना या क्षेत्राची दारे खुली झाली. ग्रामीण महाराष्ट्रातील तरुणांची पहिली मोठी पिढी याच काळात या नोकऱ्यांत शिरली.

पहिले दार : गणित

दहावीनंतर विज्ञान शाखा घेताना अनेक विद्यार्थी गणित टाळून केवळ जीवशास्त्र घेतात. वैद्यकीय शिक्षणाचा निश्चय असेल तर त्यात गैर काही नाही. परंतु ‘पुढे पाहू’ अशा अनिश्चित मनाने गणित सोडणे महाग पडते. राज्यात अभियांत्रिकी पदवीच्या प्रवेशासाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय आवश्यक आहेत. या विषयांसह ठरावीक विषयांत खुल्या प्रवर्गास किमान ४५ टक्के व राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण असावे लागतात.

त्याखेरीज राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. या परीक्षेच्या २०० गुणांपैकी निम्मे, म्हणजे १०० गुण, एकट्या गणिताचे असतात. उरलेले भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांत विभागलेले असतात. सुमारे पाचवा भाग प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर येतात आणि चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. अकरावीचे वर्ष ‘विश्रांतीचे’ समजणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान कोठे होते, हे यावरून ध्यानात येईल.

गणिताची भीती बहुधा अकरावीत निर्माण होत नाही. ती सातवी-आठवीतच घर करते. अपूर्णांक, गुणोत्तर आणि बीजगणित हे घटक ज्या शाळेत पक्के करून घेतले जातात, ती शाळा नकळत आपल्या विद्यार्थ्यांसाठी माहिती तंत्रज्ञानाचे दार उघडे ठेवीत असते. शाळेत संगणक कक्ष असणे चांगलेच. परंतु गणिताचा चांगला शिक्षक नसेल तर केवळ यंत्रांनी ती उणीव भरून निघत नाही.

तीन मार्ग

माहिती तंत्रज्ञानाकडे जाणारे मुख्य मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग बारावीनंतर चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीचा. संगणक अभियांत्रिकी आणि माहिती तंत्रज्ञान या दोन शाखांविषयी पालकांच्या मनात बराच संभ्रम असतो. पहिल्या शाखेत यंत्राची अंतर्गत रचना व सैद्धांतिक विषय यांवर, तर दुसरीत जाळे, माहितीसाठा आणि उपयोजन यांवर थोडा अधिक भर असतो. तथापि दोहोंतील बहुसंख्य विषय समान आहेत आणि नोकरी देणाऱ्या कंपन्या त्यांत सहसा भेद करीत नाहीत. शाखेच्या नावासाठी चांगली संस्था सोडणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. मुंबईची १८८७ साली स्थापन झालेली व्हीजेटीआय, पुण्याचे १८५४ सालचे व आता तंत्रशास्त्र विद्यापीठ झालेले सीओईपी, सांगलीचे वालचंद महाविद्यालय, नांदेडची श्री गुरु गोबिंद सिंघजी संस्था, तसेच कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इत्यादी ठिकाणची शासकीय महाविद्यालये यांचा विचार प्रथम करावा.

दुसरा मार्ग दहावीनंतर तीन वर्षांच्या पदविकेचा, म्हणजे तंत्रनिकेतनाचा. येथे प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो. वेगळी प्रवेश परीक्षा नसते. पदविका पूर्ण करणारा विद्यार्थी गुणवत्तेनुसार अभियांत्रिकी पदवीच्या थेट द्वितीय वर्षास प्रवेश घेऊ शकतो. ज्या कुटुंबास शहरातील अकरावी-बारावीच्या शिकवणीचा खर्च झेपत नाही, त्यांना हा मार्ग विशेष सोयीचा आहे. शिवाय आर्थिक अडचण आली तर पदविकेच्या बळावर नोकरी धरून पुढील शिक्षण नंतरही घेता येते.

तिसरा मार्ग विज्ञान वा संगणक उपयोजन यांतील पदवीचा. बी.एस्सी. संगणकशास्त्र, बी.एस्सी. माहिती तंत्रज्ञान आणि बी.सी.ए. हे अभ्यासक्रम तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयांतही उपलब्ध असतात. बी.सी.ए.चा मार्ग कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही मोकळा आहे. २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला असून राज्यात त्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू झाली. केवळ बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळेल या समजुतीत राहिलेल्या अनेकांची तेव्हा धावपळ झाली. पदवीनंतर एम.सी.ए. करता येते, पूर्वी तीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला आहे. बी.सी.ए. व एम.सी.ए. मिळून पाच वर्षांत विद्यार्थी अभियंत्याच्या बरोबरीने स्पर्धेत उतरू शकतो.

अभ्यास आणि भाषा

अभ्यासक्रमाचे नाव कोणतेही असो, सहा-सात विषय हा त्याचा कणा असतो : आज्ञावली-लेखन, माहितीची संरचना, असंतत गणित, संचालन प्रणाली, माहितीसाठ्याचे व्यवस्थापन, संगणकांचे जाळे आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी. संगणकाच्या भाषा येतात आणि जातात. हे विषय मात्र टिकून राहतात. एका भाषेचे चार महिन्यांचे प्रशिक्षण देऊन नोकरीची हमी देणाऱ्या जाहिराती शहरोशहरी दिसतात. पायाभूत विषय कच्चे असतील तर असे प्रशिक्षण फार काळ पुरत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची खरी कसोटी पहिल्या सहामाहीत लागते. त्याला विषय समजत नाही असे नसते. इंग्रजीतील व्याख्यान आणि पाठ्यपुस्तक यांच्या वेगाशी त्याची गाठ पडत नाही. पुष्कळदा तो वर्गात प्रश्न विचारणे सोडून देतो आणि पहिल्याच वर्षी दोन-तीन विषय मागे राहतात. यावर उपाय उपलब्ध आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात आज्ञावली-लेखनाचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही विनामूल्य मिळतात. तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली. तथापि व्यवसायातील पत्रव्यवहार व तांत्रिक लेखन इंग्रजीतच चालते. विषय मातृभाषेत समजून घ्यावा आणि तो इंग्रजीत वाचण्या-लिहिण्याचा सराव रोज करावा, हा मध्यममार्ग हिताचा आहे.

दुसरे दार : कागदपत्रे

गुणवत्ता असूनही प्रवेश हुकल्याची उदाहरणे गावोगावी सांगितली जातात. त्यांमागे बहुधा एखादा दाखलाच असतो. जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर दाखला, उत्पन्नाचा दाखला व अधिवास प्रमाणपत्र यांपैकी विद्यार्थ्याच्या प्रवर्गानुसार लागणारी कागदपत्रे प्रवेशाच्या वेळी हाती असावी लागतात. यांत सर्वाधिक वेळ जात वैधतेस लागतो, कारण पडताळणी समितीस पूर्वजांच्या जुन्या नोंदी तपासाव्या लागतात. वैधता सादर करण्यास काही वेळा मुदतवाढ दिली जाते. पण तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. मुदतीत वैधता सादर न झाल्यास राखीव जागेवरील प्रवेश टिकत नाही.

यावरील उपाय सोपा आहे. विद्यार्थी अकरावीत प्रवेश घेतो त्याच वर्षी अर्ज करावा. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जुने महसुली उतारे यांचा शोध निकालाच्या धांदलीत नव्हे, तर त्याआधी दोन वर्षे घ्यावा. हे पुरावे ज्या कपाटांत आहेत, ती कपाटे शाळेची, ग्रामपंचायतीची आणि तहसील कचेरीची आहेत. एखाद्या लिपिकाने जुन्या नोंदवहीचे एक पान वेळेवर शोधून दिले, तर एका मुलीचे चार वर्षांचे शिक्षण मार्गी लागते.

तिसरे दार : प्रवेश आणि खर्च

अभियांत्रिकीच्या बहुतेक जागा केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे शासनाच्या गुणवत्ता यादीवरून भरल्या जातात. खासगी संस्थांतील काही जागा संस्था स्वतःच्या पातळीवर भरतात. या दोहोंतील फरक पालकांना ठाऊक नसतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेखाली ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यास निम्मे शिक्षणशुल्क परत मिळते. परंतु प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, याच उत्पन्न मर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णतः माफ करण्यात आले. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या स्वतंत्र योजना आहेत. मध्यस्थाच्या सांगण्यावरून संस्थेच्या पातळीवरची जागा घाईने घेणारे कुटुंब हे साहाय्य गमावून बसते.

त्याचा भार किती पडतो, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, शिक्षणासाठी ८ लाख रुपयांचे कर्ज घेतले आणि ते १० टक्के व्याजाने सात वर्षांत फेडावयाचे ठरले, तर मासिक हप्ता सुमारे १३,३०० रुपये येतो. मोठ्या सेवा-कंपन्यांत नवख्या पदवीधराचे वेतन दीर्घकाळ वर्षाला साडेतीन लाख रुपयांच्या आसपास राहिले आहे, म्हणजे महिना सुमारे २९,००० रुपये, तेही कपातीपूर्वी. पुण्या-मुंबईतील घरभाडे व जेवणखर्च वजा जाता हप्ता भरणे किती कठीण आहे, हे सांगावयास नको. कर्ज घेऊच नये असे नव्हे. पण शुल्क-सवलतीचा मार्ग उपलब्ध असता शेत गहाण टाकण्याची वेळ येऊ नये.

नोकरी आणि बदलता काळ

या क्षेत्रातील कामे अनेक प्रकारची आहेत. आज्ञावली लिहिणारे, त्यांची चाचणी घेणारे, माहितीसाठा सांभाळणारे, जाळ्याची देखभाल करणारे, सुरक्षेवर लक्ष ठेवणारे आणि ग्राहकाची गरज समजून घेऊन तिचा आराखडा करणारे असे विविध कर्मचारी एका प्रकल्पावर काम करतात. बँका, रुग्णालये, साखर कारखाने आणि शासकीय विभाग यांनाही ही माणसे लागतात. पहिली नोकरी पुष्कळदा महाविद्यालयात येणाऱ्या कंपन्यांच्या निवड-परीक्षेतून मिळते. नोकरी लावून देण्यासाठी अनामत रक्कम मागणारा माणूस फसवणूक करीत आहे, असेच समजावे.

मात्र पूर्वीची शाश्वती आता राहिलेली नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात देशातील सर्वांत मोठ्या सेवा-कंपन्यांची कर्मचारीसंख्या वाढण्याऐवजी घटली. २०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने साध्या आज्ञावली काही क्षणांत लिहून देतात. नवख्यांना पूर्वी दिले जाणारे काम नेमके याच प्रकारचे होते. अशा वेळी केवळ भाषा पाठ केलेला पदवीधर मागे पडतो. परंतु यंत्राने लिहिलेली आज्ञावली बरोबर आहे की नाही हे ताडणे, तिच्यातील चूक शोधणे आणि मुळात प्रश्न नीट मांडणे, ही कामे माणसाकडेच राहतात. वारसांच्या हिश्श्यांची बेरीज एक भरत नसेल तर ती चूक कोणाच्या लक्षात येईल? ज्याला गणित येते आणि दप्तरही समजते, त्याच्या.

गावाने करावयाचे काम

पदवीची वाट गावातूनच सुरू होते, तेव्हा तिची डागडुजीही गावानेच करावयास हवी. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. शाळेने दहावीच्या परीक्षेपूर्वी पालकांची एक सभा घेऊन तिन्ही मार्ग समजावून द्यावेत आणि गणित सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याशी स्वतंत्र बोलावे. ग्रामपंचायतीने अकरावीतील मुलामुलींची यादी करून कोणाचा कोणता दाखला अपुरा आहे, याची नोंद ठेवावी. महसूल कार्यालयाने मे-जूनच्या गर्दीआधी गावात दाखल्यांचे शिबिर भरवावे. नोकरीस लागलेल्या गावच्या तरुणांना सुटीत शाळेत बोलावून त्यांच्याकडून यशाबरोबर अडचणींचीही हकिगत मुलांना ऐकवावी.

ज्या शेतकऱ्याने आजवर केवळ सातबाराचा उतारा पाहिला, त्याची मुलगी उद्या तो उतारा घडविणारी आज्ञावली लिहू शकेल. तिच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ती अकरावीचे गणित सोडणार नाही आणि तिचा दाखला टेबलावर पडून राहणार नाही, एवढी काळजी तिच्याभोवतालच्या मोठ्या माणसांनी घेतली पाहिजे.